जुनी गाडी सुरू होत नाही? दोष असा ओळखा

मीटर काय सांगतो
गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मा, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. तेव्हाही आकडा वर चढला नाही, तर अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा पट्टा तपासा.

आवाज काय सांगतो
• ‘टकटकटक’ आणि दिवे मंद: बॅटरी उतरलेली, किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले. अर्थिंगची तारही पाहावी. ती हमखास विसरली जाते.
• एकच ‘टक्’, दिवे प्रखर: सेल्फचा सोलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन.
• सेल्फ गरगरतो, इंजिन ढिम्म: बेंडिक्स (सेल्फला इंजिनाशी जोडणारा गिअर).
• इंजिन फिरते, पण पेट घेत नाही: ठिणगी किंवा पेट्रोल. प्रीमियर पद्मिनीत आधी पॉइंट, कंडेन्सर. डिझेल जीपमध्ये स्पार्क प्लग नसतोच. तिथे डिझेलच्या नळीत हवा धरली का, ते पाहतात.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा उन्हाळा
एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपार जातो. बॅटरीतले पाणी झपाट्याने घटते, आयुष्यही. भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची. बोअरचे क्षारयुक्त पाणी प्लेटा खराब करते.

टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.