पडद्यामागचे दुसरे चित्र

नागपूर विमानतळाला लागून असलेल्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात बोइंग कंपनीने एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या व्यवहाराचा भाग म्हणून उभारलेले आणि २०१५ मध्ये सुरू झालेले विमान-देखभाल केंद्र आहे. तेथील हँगरमध्ये मावणाऱ्या बोइंग ७७७ या मोठ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये जुन्या काटे-तबकड्यांच्या जागी सहा एलसीडी पडदे असतात, आणि वेग, उंची, दिशा, क्षितिज हे सारे वैमानिकाला संगणकाने काढलेल्या चित्रांतून वाचावे लागते. त्याच परिसरातील टीसीएस किंवा एचसीएलच्या कार्यालयातला मॉनिटर दिसायला निराळा असला, तरी पडद्यावर चित्र कसे न्यावे हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

पडदा स्वतः काहीही रेखाटत नाही. मेमरीच्या एका राखीव भागात प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहिलेला असतो, त्या भागाला फ्रेम बफर म्हणतात, आणि पडद्याची यंत्रणा तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, साधारणपणे सेकंदाला ६० वेळा, वाचत राहते. रिचर्ड शूप यांनी १९७३ च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात घडवलेल्या सुपरपेंट या प्रणालीत हे तत्त्व आठ बिटांच्या रंगीत चित्रासाठी वापरले गेले. त्या काळी एका चित्रापुरती मेमरीही चैन होती. आज १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या एका चित्राला, पिक्सेलमागे चार बाइट धरले तर, सुमारे ८३ लाख बाइट लागतात आणि ते कोणाला जड वाटत नाहीत.

अडचण अशी की एकाच बफरमध्ये प्रोग्राम लिहीत असतो आणि त्याच वेळी पडदा वाचत असतो. जुने चित्र पुसून नवे काढेपर्यंत पडद्याने मध्येच वाचले, तर कोरी पार्श्वभूमी दिसून जाते आणि चित्र लुकलुकते. डबल बफरिंग हा त्यावरचा उपाय आहे: नैवेद्याचे ताट आत पूर्ण वाढून झाल्यावरच देवापुढे आणावे, तसे नवे चित्र मागच्या बफरमध्ये पूर्ण करून मगच पुढे आणले जाते. ही अदलाबदलही वेळ साधून व्हावी लागते. पडद्याचे वाचन ५४० व्या ओळीवर असताना बफर बदलला, तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्या चित्राचा दिसतो, आणि वळणाऱ्या विमानाची तिरकी क्षितिजरेषा त्या ओळीवर तुटून दोन वेगळे कोन दाखवू लागते. म्हणून एक वाचन संपून दुसरे सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या क्षणाची वाट पाहिली जाते. यालाच व्ही-सिंक म्हणतात.

प्रोग्रामरची खरी परीक्षा याच्या पुढे सुरू होते. अदलाबदल दोन प्रकारे होते: एकात मागच्या बफरची सामग्री पुढच्यात उतरवली जाते, दुसऱ्यात काहीही न हलवता पडद्याने कोठून वाचायचे तो पत्ता तेवढा बदलला जातो. दुसरी रीत उघडच जलद आहे, पण तिच्यात एक फसवी गाठ आहे. पत्ता बदलल्यावर जो बफर मागे येतो त्यात आताचे नव्हे, त्याआधीचे चित्र असते. त्यामुळे चित्रातला काटा जेवढा हलला तेवढाच भाग नव्याने काढण्याची काटकसर केली, तर आदल्या फेरीतला बदल या बफरमध्ये कधी पोहोचतच नाही आणि काट्याचे जुने ठसे एकाआड एक चित्रात लुकलुकत राहतात. यावर उपाय म्हणजे गेल्या दोन चित्रांत बदललेले सगळे भाग पुन्हा काढणे, आणि बफर तीन असतील तर गेल्या तीन चित्रांतले. बफरचे हे वय ध्यानात न ठेवता लिहिलेला प्रोग्राम एका यंत्रावर निर्दोष चालतो आणि दुसऱ्यावर बिघडतो, आणि हा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

तिसऱ्या बफरची गरज वेळेच्या हिशेबातून निर्माण होते. ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र काढायला १७ लागले, तर दोनच बफर असलेला प्रोग्राम पुढच्या संधीपर्यंत अडून बसतो आणि गती एकदम ३० वर येते. तिसरा बफर असला की थांबावे लागत नाही, आणि अँड्रॉइडच्या ४.१ या २०१२ मधील आवृत्तीत फोनचा पडदा सुरळीत सरकावा म्हणून हाच मार्ग घेतला गेला. परंतु तयार चित्रे रांगेत उभी राहू लागली, की रांगेतल्या प्रत्येक चित्रागणिक डोळ्यांपर्यंत पोहोचणारी माहिती अधिक शिळी होते. म्हणून जेथे ताजेपणा महत्त्वाचा, तेथे रांग टाळून सर्वांत नवे चित्र ठेवणे आणि मधले टाकून देणे हेच योग्य ठरते.

कॉकपिटमध्ये पूर्ण झालेले चित्रच दाखवण्याच्या या रीतीची आणखी एक बाजू धोक्याची ठरते. चित्र काढणारा प्रोग्राम बंद पडला तरी पुढच्या बफरमधले शेवटचे चित्र पडदा इमानाने दाखवतच राहतो, ते स्वच्छ आणि पूर्ण असते, आणि त्यातली उंची कित्येक सेकंदांपूर्वीची आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. कोऱ्या पडद्यापेक्षा हा गोठलेला पडदा अधिक घातक, कारण कोरा पडदा निदान बिघाड लपवत नाही. म्हणूनच विमानाच्या प्रदर्शन-यंत्रणा आखताना चित्र खरोखर नव्याने काढले जात आहे की नाही यावर स्वतंत्र देखरेख ठेवली जाते, आणि माहिती अविश्वसनीय ठरली की ते मूल्य पडद्यावरून काढून त्या जागी बिघाडाची खूण दाखवली जाते, म्हणजे वैमानिक राखीव उपकरणांकडे वळू शकतो.