रूटची मुखत्यारी : एक मागोवा

घरातील राउटरपासून कारखान्यातील नियंत्रकापर्यंत असंख्य लहान यंत्रांत लिनक्स मुकाट्याने राबत असते. तथापि कर्नल स्मृतीत उतरला तरी आपली रूट फाइलसिस्टिम कोणत्या साधनावर वसली आहे हे त्याला स्वतःहून उमगत नाही, आणि ते सांगण्याची मुखत्यारी कोणाकडे असावी, या प्रश्नाला गेल्या तीन दशकांत निरनिराळी उत्तरे मिळत गेली.

आरंभी पीसीवर हा निर्णय कर्नलच्या प्रतिमेतच कोरलेला असे. तिच्या ५०८ व ५०९ या बाइटांत साधनाचा क्रमांक नोंदलेला असे आणि तो बदलण्यास ‘आरडेव्ह’ ही आज्ञा वापरून प्रतिमेलाच हात घालावा लागे. पुढे बूटलोडरने रूटचा पत्ता सांगणारी एक ओळ कर्नलच्या स्वाधीन करण्याची वहिवाट पडली. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूटमधून २००२ साली यू-बूट आकारास आले, आणि त्यातील ‘बूटआर्ग्ज’ हे चल एम्बेडेड जगात त्या ओळीचे दप्तर होऊन बसले. एकच कर्नल विकासकाच्या मेजावर एनएफएसद्वारे जाळ्यावरील रूट स्वीकारी आणि ग्राहकाकडे फ्लॅशच्या विभागावरील. फरक केवळ त्या ओळीचा.

परंतु ओळीतील पत्ता क्रमावर अवलंबून असेल, तर तो फसवा ठरतो. ज्या क्रमाने साधने सापडतात, त्यानुसार आजचे ‘एमएमसीब्लॉक०’ उद्या ‘एमएमसीब्लॉक१’ होऊ शकते. मेमरी कार्ड सावकाश जागे झाल्यास कर्नल रूटवाचून हताश होतो. त्यावर ‘रूटवेट’ने प्रतीक्षा शिकवली, ‘पार्टयूयूआयडी’ने विभागाला त्याची स्वतःची ओळख दिली, आणि २००७ साली कर्नलमध्ये दाखल झालेल्या यूबीआयने नॅन्ड फ्लॅशवर खंडांना नावाने हाक मारण्याची सोय केली.

खरी कसोटी मात्र दूरस्थ अद्ययावतीकरणाने लागली. रूटच्या दोन प्रती ठेवून एकीवर नवे लिहावे, दुसरी जुनी जपावी, हा उपाय रूढ झाल्यावर यू-बूटने ‘बूटकाउंट’ हा गणक प्रत्येक आरंभी वाढवावा आणि ‘बूटलिमिट’ ओलांडताच ‘बूटसीएमडी’ऐवजी ‘अल्टबूटसीएमडी’चा अंमल सुरू करावा, अशी व्यवस्था झाली. वीज मध्येच गेल्यास खुद्द चलांचे दप्तरच बिघडू नये म्हणून त्याच्याही दोन प्रती ठेवता येऊ लागल्या.

या सर्व प्रवासात एक मर्यादा अढळ राहिली. बूटलोडर निवड करू शकतो, पण ती निवड योग्य होती की नाही याची ग्वाही देऊ शकत नाही. ती केवळ सुखरूप उभी राहिलेली प्रणालीच, गणक शून्यावर आणून, देऊ शकते. ही कृती जो अभियंता आरंभीच्या पहिल्याच पायरीवर उरकून टाकतो, त्याची नादुरुस्त प्रतही निर्दोष ठरते. जो ती मुळीच योजत नाही, त्याची निर्दोष प्रतही काही आरंभांनंतर पदच्युत होते. तेव्हा रूट निवडण्याचे काम बूटलोडरचे असले, तरी त्याचा हिशेब चुकता करण्याची जबाबदारी प्रणालीनेच उचलावयाची आहे.