दोन रेषांमधला प्रवास

तवांगला जाणाऱ्या पर्यटकाला दोन रेषांसाठी दोन वेगळ्या परवानग्या काढाव्या लागतात. पहिली रेषा आसाम संपून अरुणाचल प्रदेश सुरू होतो तिथे, भालुकपाँगच्या नाक्यावर लागते. ती इनर लाइन. दुसरी त्याच राज्याच्या वायव्य टोकाला, पंधरा हजार फुटांवरच्या बूम ला खिंडीत आहे. ती भारत-चीन सीमेवरची मॅकमहोन रेषा. पहिली ओलांडायला परवानगी घ्यायची, दुसरीपाशी नुसतं जाऊन उभं राहायलाही परवानगी घ्यायची. एका रेषेवर राज्याचे पोलीस असतात, दुसरीवर सैन्य. पर्यटक मात्र दोन्हींना मिळून ‘परमिट’ म्हणतात आणि ते काम टूर कंपनीवर किंवा ड्रायव्हरवर सोपवून मोकळे होतात. आम्ही घरची माणसं तवांगला गेलो तेव्हा हे काम मी मुद्दाम स्वतःकडे घेतलं. ज्या दारातून आपण आत जाणार ते कोणी, कशासाठी बसवलं आहे हे मला जवळून पाहायचं होतं.

पहिलं परमिट आता घरबसल्या निघतं. अरुणाचल सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं, कुठल्या कामासाठी आणि कुठे जाणार ते सांगायचं, शुल्क भरायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या घरात खरं काम नावांपाशी सुरू होतं. आमच्याबरोबर माझी आत्या होती. तिच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचं आडनाव, आधार कार्डावर सासरचं आणि दोन्हीकडे मधल्या नावाचं स्पेलिंग वेगळं. बाबांच्या एका कार्डावर आडनाव आधी, तर दुसऱ्यावर शेवटी. एरवी याने कुणाचं काही अडत नाही. पण परमिट म्हणजे शेवटी एक नाव आणि एक चेहरा यांचा मेळ असतो, आणि तो पुढे प्रत्येक नाक्यावर अक्षर लावून तपासला जातो. म्हणून मी प्रत्येकाचं एकच ओळखपत्र ठरवलं, अर्जात त्यावरचंच नाव जसंच्या तसं भरलं आणि मूळ कार्डही तेच बरोबर घ्यायला लावलं. घरातल्या ज्येष्ठ बायकांची कागदपत्रं प्रवासाच्या कितीतरी आधी बघून ठेवावीत, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. लग्नानंतर बदललेल्या नावांचा हिशेब त्यांच्याच कागदांवर अर्धा राहिलेला असतो.

भालुकपाँग कामेंग नदीच्या काठी आहे. आसामचं सपाट भातखाचर संपून डोंगर जिथे एकदम अंगावर येतो, तिथेच गेट आहे. गाडी बाजूला घ्यायची, परमिटच्या प्रती आणि ओळखपत्रं घेऊन खिडकीशी जायचं, नोंद करायची. आमच्या नावांची नोंद चालू असताना मी शेजारी थांबलेल्या माणसांकडे पाहत होते. ती पर्यटक नव्हती. कुणाच्या पाठीवर पोतं, कुणाच्या हातात गुंडाळलेलं अंथरूण. मुकादम सगळ्यांचे कागद एकगठ्ठा धरून उभा होता. वर रस्त्याच्या कामावर चाललेले ते मजूर होते. हा तवांगचा रस्ता सीमा सडक संघटनेचा ‘वर्तक’ प्रकल्प 1960 पासून बांधतो आणि राखतो आहे. दरड कोसळली की तो पुन्हा उभा करणारे बरेचसे हात बाहेरच्या राज्यांतून येतात. त्या हातांनाही हीच इनर लाइन लागते. फरक एवढाच, की आमच्या परमिटवर सहल लिहिलेलं होतं आणि त्यांच्यामागे कुणीतरी ठेकेदार हमी देऊन उभा असावा लागतो. आमची मुदत संपली की आम्ही घरी जाणार होतो. त्यांची मुदत संपली की त्यांच्या मजुरीचा प्रश्न उभा राहणार होता. परमिट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्यटक येतो. पण या गेटमधून कामासाठी जाणाऱ्या माणसाचं पोट त्या कागदाच्या तारखेशी बांधलेलं असतं, आणि त्याला तो कागद वेळेवर, पैसे न चारता मिळायला हवा. पर्यटकाच्या सोयीआधी मला या व्यवस्थेकडून तेवढी अपेक्षा आहे.

ही रेषा आली कुठून? ‘बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन’ हा 1873 सालचा कायदा तिच्या मुळाशी आहे. आसामच्या खोऱ्यात तेव्हा चहाचे मळे पसरत होते, डोंगरातून रबर, मेण, हस्तिदंत खाली येत होतं आणि व्यापारी आणि डोंगरी जमाती यांच्यात सतत खटके उडत होते. इंग्रज सरकारने डोंगराच्या पायथ्याने एक रेषा आखली आणि तिच्या पलीकडे पासाशिवाय जायला बंदी केली. पास नसताना पकडलेल्या माणसाकडचं रबर, मेण, हस्तिदंत जप्त करण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, हत्तींच्या शिकारीवर नियंत्रण आहे आणि बाहेरच्या माणसाला रेषेपलीकडे जमीन घ्यायलाही मज्जाव आहे. इंग्रजांना डोंगरातल्या माणसांचा कळवळा होता असं यातून म्हणता येणार नाही. मळे आणि महसूल सुरक्षित ठेवणं आणि डोंगरात राज्य चालवण्याचा खर्च टाळणं हा त्यांचा हिशेब होता.

पण पुढे त्या रेषेचा अर्थ पलटला. इंग्रज गेले, कायदा राहिला आणि ज्या डोंगरी माणसांना दूर ठेवण्यासाठी तो केला होता त्यांनीच तो आपल्या रक्षणासाठी धरून ठेवला. आज अरुणाचल प्रदेश, नागालँड आणि मिझोराम इथे इनर लाइन परमिट लागतं. मणिपूरमध्ये दीर्घ आंदोलनानंतर ते डिसेंबर 2019 मध्ये मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2020 पासून अमलात आलं. मेघालयच्या विधानसभेनेही ते आपल्याला मिळावं असा ठराव 2019 मध्येच केला. वसाहतकाळातला एखादा निर्बंध लोक स्वतःहून मागून घेतात, यामागे भीती आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. अरुणाचलची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत चौदा लाखांच्या आत होती. पुण्यासारख्या एका शहरात त्याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. मोनपा, आका, निशी, आदी, अपातानी, मिश्मी अशा अनेक जमाती आणि त्यांच्या भाषा या थोड्या माणसांत वाटलेल्या आहेत. मोकळ्या दाराने आलेला पैसा आणि माणूस एका पिढीत इथली जमीन आणि भाषा दोन्ही गिळू शकतो. कोकणात आणि गोव्यात डोंगरउतार आणि समुद्रकाठ कोणाच्या ताब्यात गेले हे पाहिलेल्या आपल्या माणसांना ही भीती परकी वाटू नये.

तवांगच्या वाटेवर दिरांगला आम्ही एका मोनपा कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. घरातल्या मुलीला मी विचारलं, परमिटमुळे पर्यटक कमी येतात असं वाटत नाही का? ती स्वच्छ हिंदीत म्हणाली, “जो आना चाहता है, वो एक फॉर्म तो भर ही लेगा.” तिच्यालेखी अर्ज भरणं म्हणजे येण्याआधी दारावर टकटक करणं होतं. मला ते पटलं.

तवांगला पोचल्यावर दुसऱ्या परवानगीचं काम सुरू झालं. बूम ला तवांगपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. आम्ही गेलो तेव्हा ही परवानगी कागदावरच निघत होती, आणि तीही आदल्या दिवशी. प्रत्येकाच्या इनर लाइन परमिटची झेरॉक्स, ओळखपत्राची झेरॉक्स, सगळ्यांच्या नावांची यादी, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव असा गठ्ठा घेऊन जिल्हा उपायुक्तांच्या कार्यालयात जायचं. तिथला शिक्का झाला की त्याच कागदावर सैन्याचा शिक्का घ्यायचा. आसामातून आणलेली गाडी वर चालत नाही, तवांगचीच गाडी करावी लागते. आमचा सुमोवाला दादा म्हणाला, “कागज मुझे दे दो, मैं करा लूँगा.” मी म्हटलं, मी बरोबर येते.

कार्यालयातल्या टेबलावरचा कारकून यादीतल्या प्रत्येक नावावर बोट ठेवून ते परमिटशी जुळवत होता. ज्यावर बोट थांबे तो गठ्ठा बाजूला पडे. एका गटाच्या यादीत ऐन वेळी आलेल्या माणसाचं नाव हाताने वाढवलं होतं, ते परत लिहून आणायला सांगितलं. त्याच्या आवाजात चीड नव्हती, घाईही नव्हती. मला हा काटेकोरपणा आवडला, कारण या कागदाचा उपयोग दुसऱ्या दिवशी कळतो. सकाळी किती माणसं वर गेली आणि संध्याकाळी किती परत आली याचा ताळा त्याच यादीवरून लागतो. पंधरा हजार फुटांवर कुणाची गाडी बर्फात अडकली, कुणाला श्वास लागला, तर शोधायचं कोणाला हे त्या यादीमुळे माहीत असतं. तुमचं नाव त्या कागदावर असतं म्हणजे तुमच्या परत येण्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते.

गाडी स्थानिकच हवी या नियमाबद्दल पर्यटक फार कुरकुरतात. मला तो या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात चांगला नियम वाटतो. त्या रस्त्यावर बर्फ वितळून झालेला चिखल, तीव्र वळणं आणि सैन्याच्या ट्रकांची ये-जा असते. कुठे थांबायचं, ट्रकला वाट कुठे द्यायची, पुढच्या तळ्यापाशी धुकं उतरलंय का हे रोज जाणाऱ्यालाच कळतं. शिवाय सहलीतले निदान तेवढे पैसे तवांगच्या घरात जातात. सिक्कीममध्ये नाथू लासाठीही असंच आहे. तिथे नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फतच अर्ज होतो, गाडी आणि ड्रायव्हरची नोंद परमिटवर असते. परदेशी नागरिकांना नाथू लाला जाता येत नाही. बूम लाचीही तीच गोष्ट आहे. अरुणाचलात यायलाच त्यांना वेगळं, संरक्षित क्षेत्राचं परमिट लागतं.

दोन शिक्के मिळाले तरी वर जाता येईलच असं नाही. बर्फ पडलं, हवा बिघडली किंवा सीमेवर काही हालचाल असली की रस्ता बंद होतो आणि कारण सांगायला कुणी बांधलेलं नसतं. डिसेंबर 2022 मध्ये याच तवांग भागात यांगत्से इथे भारतीय आणि चिनी सैनिकांची झटापट झाली. आपण ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो ती जागा त्या सैनिकांच्या लेखी चोवीस तासांची ड्यूटी आहे. म्हणून तवांगला एक जादा दिवस हाताशी ठेवावा, आणि बूम ला झालं नाही तर तो दिवस तिथल्या बौद्ध मठासाठी द्यावा. सतराव्या शतकातला तो मठ पाहायला एक दिवस कमीच पडतो.

आम्हाला रस्ता उघडा मिळाला. वाटेत सैन्याच्या चौक्यांवर कागद पुन्हा पुन्हा दाखवले. सुभेदार जोगिंदर सिंग यांचं स्मारक लागलं. 23 ऑक्टोबर 1962 रोजी शीख रेजिमेंटच्या आपल्या तुकडीसह त्यांनी इथे चिनी सैन्याचे हल्ले रोखले, जखमी होऊन ते युद्धबंदी झाले आणि कैदेतच गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. खिंडीत पोचल्यावर एका जवानाने सगळ्या पर्यटकांना एकत्र केलं, समोरचा भाग समजावून सांगितला, फोटो कुठे काढायचा आणि कुठे नाही ते सांगितलं. आत्याने त्याला विचारलं, बाळा, थंडीत इथेच असता? तो हसून “हाँ जी, माताजी” म्हणाला. तिथे जास्त वेळ थांबू देत नाहीत आणि त्या विरळ हवेत थांबवतही नाही.

परतताना सुमोवाला दादा सांगत होता की त्याच्या आजोबांच्या पिढीत तवांगची माणसं याच वाटेने तिबेटातल्या त्सोनाला बाजाराला जात. खालचा तांदूळ, मिरची वर जाई आणि वरून मीठ, लोकर येई. मेजर बॉब खाथिंग 1951 मध्ये आसाम रायफल्सचे जवान घेऊन तवांगला आले आणि इथे भारताचा कारभार सुरू झाला, तरी ही ये-जा चालू होती. 1962 च्या युद्धाने ती थांबली. आम्हाला बूम लाला जायला दोन शिक्के पुरले. त्याच्या घरच्यांना जुन्या बाजाराला जायचं असेल तर त्यासाठी अर्ज कोणत्याच कार्यालयात मिळत नाही. आपल्या परमिटची कटकट आपण जेव्हा सांगतो, तेव्हा ज्यांचा रस्ताच बंद झाला त्यांच्या गाडीत बसून आपण ती सांगत असतो, हे लक्षात ठेवावं.

म्हणून मला वाटतं की सीमाभागात जाणाऱ्याने निदान एकदा तरी हे काम स्वतः करावं. अर्ज स्वतः भरावा, गेटवर रांगेत उभं राहावं, शिक्का मारणाऱ्याशी दोन शब्द बोलावं. मुदत संपायच्या आत परतावं, परमिटवर लिहिलेल्या जागांपलीकडे जाऊ नये, आणि सैनिकाने कॅमेरा खाली घ्यायला सांगितला तर वाद न घालता घ्यावा. सीमेवरचं गाव काही आपलं प्रेक्षणीय स्थळ होण्यासाठी तिथे वसलेलं नाही. तिथल्या माणसांनी आणि त्यांच्या रक्षकांनी आपल्याला काही दिवस येऊ दिलं, म्हणून आपण तिथे असतो. ज्याला आपण पाहुणे आहोत हे माहीत असतं, त्याला परवानगी मागण्यात कमीपणा वाटत नाही.