श्रद्धा आणि सजीवसृष्टी (लेखांक ५) : गांधीलमाशीचा प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धा आणि जीवशास्त्र यांचा विषय निघाला की गाडी हटकून सहा दिवसांच्या निर्मितीवर येऊन थांबते. पण १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ बाहेर पडले, तोवर भूशास्त्राच्या अभ्यासामुळे पुष्कळ सुशिक्षित ख्रिस्ती मंडळींनी पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानणे सोडून दिले होते. हार्वर्डमध्ये डार्विनला कडाडून विरोध करणारा लुई अगासीसुद्धा बायबल शब्दशः घेणारा नव्हता. उलट त्याच विद्यापीठात डार्विनची बाजू हिरिरीने लढवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा निष्ठावंत प्रेस्बिटेरियन होता. अडचणीचे मूळ उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नव्हतेच; ते ग्रे आणि डार्विन यांच्या पत्रव्यवहारात सापडते.

डार्विनने सिद्धांताची रूपरेषा ग्रेला १८५७ मध्येच कळवली होती. पुढे १८६० मध्ये ग्रेने ‘अटलांटिक मंथली’त लेख लिहून निसर्गनिवड आणि ईश्वरी योजना यांत विरोध नाही असे मांडले, आणि डार्विनला ते इतके उपयोगी वाटले की इंग्लंडमध्ये त्यांची पुस्तिका निघावी म्हणून त्याने पदरचे पैसे घातले. तरीही मुद्दा त्याला पटला नव्हता. निवडीला लागणारे बदल कशामुळे होतात हे ठाऊक नाही, तेव्हा त्यांना हितकारक दिशा देवाने दिली असे मानावे, हा ग्रेचा युक्तिवाद. डार्विनने मे १८६० च्या पत्रात समोर ठेवली ती परजीवी गांधीलमाशी. तिच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने ही व्यवस्था मुद्दाम आखली, हे त्याच्या मनाला पटेना.

बदलांना दिशा असते, हा ग्रेचा दावा पुढे प्रयोगाच्या कसोटीला टिकला नाही. १९४३ मध्ये लुरिया आणि डेल्ब्रुक यांनी अनेक नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांना मारणाऱ्या विषाणूशी गाठ घालून दिली. गरज पाहून बदल होत असता, तर प्रत्येक नळीतून वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांतून एकही वाचला नाही, तर एखादीतून शंभरावर वाचले. म्हणजे बदल संकटाच्या आधीच, गरजेची दखल न घेता झालेले होते.

मग श्रद्धा हरली, असे कोणी म्हणेल. हरली ती ग्रेची एक विशिष्ट मांडणी, आणि ती हरू शकली हे मी तिचे श्रेय मानतो. विज्ञानाच्या अज्ञानात देवाला जागा शोधून दिली की प्रत्येक नव्या शोधाबरोबर ती जागा आकसणारच. थिओडोसियस डोबझान्स्की हा आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. उत्क्रांती हीच देवाची निर्मितीची रीत, असे तो मानी; प्रत्येक बदलामागे वेगळा ईश्वरी हात शोधण्याची त्याला गरज भासली नाही.

पण अशी श्रद्धा कसोटीपासून पळ काढते, हा आक्षेप उरतो, आणि तो पोकळ नाही. प्रयोगशाळेत तिला खोटे पाडता येत नाही हे खरेच. मात्र त्यामुळे ती सुखरूप सुटते, असेही नाही. अवघी रीतच देवाची म्हटली, की सुरवंटाच्या यातनाही त्याच्याच खाती जमा होतात. निरपराधाला दुःख का, हा ईयोबाच्या पुस्तकातला प्रश्न डार्विनहून कितीतरी जुना. उत्क्रांतीने त्याची व्याप्ती माणसापुरती राहू दिली नाही. माणूस जन्मण्याआधीच्या कोट्यवधी वर्षांतले मरणही त्यात आले. पाप आदामाने केले आणि मरण त्यानंतर आले, या पारंपरिक उत्तराची खरी परीक्षा इथे आहे. पुढच्या लेखांकात तेच उत्तर तपासायला घेऊ.