पावसात काच जोडताना

सकाळी साडेसहा. परतीचा पाऊस रात्रभर विजांसकट पिंगुळीवर कोसळत होता. अशा रात्रीनंतर गजराची गरज पडत नाही, फोनच उठवतो. आजचा पहिला फोन कुडाळ एमआयडीसीतल्या एका काजू कारखान्यातून. "रे बाबू, मोडेमावर लाल लाईट पेटली हा. ट्रक भरून उभो आसा, ई-वे बिल निघणा नाय. येतंस मा?"

लाल दिवा म्हणजे मोडेमपर्यंत प्रकाश पोचत नाही. पण दिवा पेटतोय म्हणजे मोडेम शाबूत आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट चालायचं, तेव्हा अशा रात्रीनंतर दिवाच लागायचा नाही. आसपास वीज पडली की तिचा झटका तारेतून सरळ घरात यायचा. मोडेम जायचा, कधी त्याला जोडलेला कॉम्प्युटरही. आताची लाइन फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची. काचेतून वीज वाहत नाही आणि ती गंजतही नाही. शहरातली जाहिरात वेगाची असते. कोकणातल्या गिऱ्हाइकाला मी आधी हे सांगतो.

साडेसात. खांबावरच्या बॉक्समध्ये पॉवर मीटर लावला: उणे 19 डीबीएम. उणे 27 पर्यंत मोडेमचं भागतं, म्हणजे मागची लाइन ठीक; बिघाड इथून कारखान्यापर्यंत कुठेतरी. मग ओटीडीआर. हे यंत्र काचेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो तुटल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन चार मायक्रोसेकंद, म्हणजे चारशे मीटरवर. गेलो तर माडाची झावळी केबलीवर लोंबत होती.

आठ. पाऊस पुन्हा धरला. कारखान्यातले एक काका छत्री घेऊन माझ्या नव्हे, स्प्लायसिंग मशीनच्या डोक्यावर उभे राहिले. वरचं काळं आवरण सोललं, आतला रंगीत लेप स्ट्रिपरने ओढून काढला. उरली 125 मायक्रॉनची उघडी काच. प्रकाश तिच्या मधल्या नऊ मायक्रॉनमधूनच जातो, त्यामुळे बोटाचा घामसुद्धा चालत नाही. अल्कोहोलने पुसायची, पुसली की नीट कुईं वाजते. मग क्लीव्हर. तो काच कापत नाही, बारीक ओरखडा काढून ताणावर मोडतो, तेव्हाच टोक सपाट येतं. ते कशालाही लागलं तर पुन्हा सोलण्यापासून सुरुवात. दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली की पडद्यावर दोन राखाडी पट्टे समोरासमोर येतात, यंत्र त्यांना एका रेषेत आणतं, ठिणगी उडते आणि मधली फट नाहीशी होते. जोडात प्रकाश किती गळतो त्याचा आकडा आला 0.02 डीबी. 0.05 पर्यंत चालला असता, पण मला तो कमीच आवडतो, कारण पुढची कित्येक वर्षं हा जोड ऊन-पावसात लटकणार आहे. तोडलेले तुकडे एका छोट्या बाटलीत जमा करतो. डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण कातडीत घुसले तर सहजी निघत नाहीत. हाताखालच्या पोराला मी सगळ्यात आधी ही बाटली हातात धरायला शिकवलं.

साडेनऊला दिवा हिरवा झाला, बिल निघालं, ट्रक सुटला.

याच कारखान्यात ऑफिसपासून गोदाम दीडशे मीटरपेक्षा लांब. साध्या नेटवर्कच्या तांब्याच्या केबलीची मर्यादा 100 मीटर. म्हणून मध्ये शेडच्या भिंतीवर एक स्विच बसवलेला होता आणि तो पावसाळ्यात हमखास जळायचा. आता तिथे फायबर आहे, मधला स्विच गेला. केबल मात्र पोलादी तार नसलेली मुद्दाम मागवली. खांबावर ओढायच्या बऱ्याच केबलींत भार पेलायला बाजूने तार असते. ती आत इमारतीपर्यंत नेली तर विजेला आपणच वाट करून दिली. स्वस्तात काम करणारे अशी बिनतारेची केबल घेणं टाळतात, आणि मला त्याचा राग येतो.

दीड वाजता डबा. पोरगा विचारतो, कुडाळच्या मुख्य यंत्रापासून फायबर किती लांबपर्यंत चालेल? आमच्या पद्धतीत वीस किलोमीटर, मध्ये वीज लागणारं एकही उपकरण नाही. एकच तंतू स्प्लिटरमधून बत्तीस घरांत वाटता येतो. प्रकाश इतका लांब कसा जातो तेही सांगितलं: 1966 मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवलं, की प्रकाश विरतो तो काचेतल्या अशुद्धतेमुळे. काच शुद्ध केली तर संदेश लांब जाईल. त्यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं. पोराने भात संपवून नाव पुन्हा विचारलं.

तीन. गुढीपूरकडे, ठाकर कलाकारांच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहायला लोक येतात त्या बाजूला, एका होमस्टेच्या वहिनींकडे नवी जोडणी. त्यांचा प्रश्न नेहमीचाच: "किती एमबीपीएस?" मी म्हटलं, वहिनी, अपलोड किती ते विचारा. खोलीत बसून ऑफिसची मीटिंग करणारा पाहुणा चित्र नुसतं बघत नाही, पाठवतोही. कॅमेऱ्यांचं चित्रणही वरच जातं. तांब्यावरच्या जुन्या ब्रॉडबँडचा अपलोड जेमतेम एक एमबीपीएस असायचा. आणि इन्व्हर्टरवर मोडेम घ्याच. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून वीज यायची, लाइट गेली तरी तो वाजायचा. काच वीज आणत नाही, त्याची ही दुसरी बाजू. हे जोडणी देतानाच सांगायला हवं.

पाच वाजता तो फोन आला जो कुणालाच नको असतो. महामार्गालगत गटार खोदताना जेसीबीने 24 कोअरची, म्हणजे 24 तंतूंची केबल तोडली. निम्मं गाव बंद. फायबर कितीही चांगली असो, एकाच वाटेने आणली तर एका फावड्यात संपते. ज्याचा धंदा नेटवर आहे त्याने दुसऱ्या दिशेने येणारी दुसरी लाइन घ्यावी, निदान सिमकार्डाचा राउटर तरी. पहिल्या दिवशी हा खर्च कुणाला पटत नाही.

सहा ते नऊ. खड्ड्यातलं पाणी उपसलं, दोन्ही टोकं स्वच्छ केबल लागेपर्यंत मागे कापली, मध्ये नवा तुकडा घातला. म्हणजे प्रत्येक कोअरला दोन जोड. चार नळ्या, प्रत्येकीत सहा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. बॅटरीच्या उजेडात राखाडी आणि पांढरा सारखेच दिसतात, म्हणून पोरगा रंग मोठ्याने म्हणतो आणि मी पुन्हा म्हणतो. क्रम माझा ठरलेला. दवाखाना आणि बँका ज्या कोअरवर आहेत ते आधी, मग एमआयडीसी, घरं शेवटी. घरातल्यांचे फोन सर्वांत जास्त येतात, तरीही.

साडेनऊला शेवटचा पांढरा जोडला. जोडांवरचे क्लोजर बंद करून रबराच्या कडा दोनदा तपासल्या आणि पोराला म्हटलं, आता पॉवर मीटर घे, प्रत्येक बॉक्सचा आकडा वहीत लिही, मगच घरी.