हिरवं म्हणजे झालं?

मार्चअखेर जवळ आली की कचेऱ्यांमधल्या शीट हिरव्या होऊ लागतात. 'स्टेटस' नावाचा एक रकाना, त्यात हिरवा, पिवळा, लाल. साहेब मोबाइलवर शीट उघडतात, वरून खाली बोट फिरवतात आणि हिरवळ दिसली की पुढच्या बैठकीला जातात. रंगांची सोय खरीच आहे. शेकडो ओळींतली अडलेली चार कामं चटकन नजरेत भरतात ती रंगामुळेच. पण या सोयीभोवती काही समजुती घट्ट बसल्यात आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

सगळ्यांत पक्की समजूत म्हणजे, हिरवं दिसलं की काम झालं. खरं तर कोणीतरी ठरवलेली अट पूर्ण झाली, एवढंच हिरवा रंग सांगतो. ती अट 'अर्ज आला' अशी असेल, 'अर्ज तपासला' अशी असेल, नाहीतर 'मुदत अजून संपलेली नाही' अशीही असेल. एकाच कचेरीत तीन टेबलांवर हिरव्याचे तीन अर्थ चालू असतात आणि महिनाअखेरीच्या अहवालात ते तिन्ही एकत्र मिसळतात. प्रोजेक्टवाल्यांनी अशा अहवालाला 'वॉटरमेलन' असं नावच ठेवलंय: बाहेरून हिरवा, कापला की लाल.

हे फक्त खासगी शीटपुरतं नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक घ्या. आकडा १६० असेल, तर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर तो पिवळा, 'मध्यम' गटातला. १०१ ते २०० हा सगळा टप्पा पिवळाच. अमेरिकेच्या पट्टीवर पिवळा १०० लाच संपतो, पुढे १५० पर्यंत नारिंगी आणि १६० थेट लाल. आकडा काढायची रीतही दोन्हीकडे वेगळी. काही मोबाइल ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईत एकाच सकाळी एका ॲपवर लाल आणि दुसऱ्यावर पिवळं दिसलं, तर त्यातलं एक खोटं आहे असं नाही. दोघांच्या अटी निराळ्या आहेत. हवामान विभागाचा 'रेड अलर्ट'ही असाच. तो पावसाचे मिलिमीटर सांगत नाही, 'कृती करा' असं सांगतो. नारिंगी म्हणजे तयार राहा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. म्हणून रंग वापरायचा तर त्याची अट त्याच पानावर, एका ओळीत, लिहिलेली हवी.

आता कारकुनांना आणि शिक्षकांना सगळ्यांत जास्त छळणारा गैरसमज: सेल रंगवला की नोंद झाली. एक्सेलमध्ये हाताने भरलेला रंग ही नोंद नाही, ती सजावट आहे. काउंटइफला तो रंग दिसत नाही. किती ओळी हिरव्या आहेत ते सूत्र लावून मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही. पिव्होट टेबलही रंगावरून गट करत नाही. रंगानुसार फिल्टर लावता येतो, एक्सेल २००७ पासून, पण तेवढ्यावर अहवाल उभा राहत नाही. आणि वरच्या कार्यालयाने सीएसव्ही फाइल मागितली की खेळच संपला. त्या फाइलमध्ये फक्त मजकूर जातो, रंग सगळे गळून पडतात. महिनाभराची रंगरंगोटी गेली, आणि कोणाचा अर्ज कुठे अडलाय हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यावरचा उपाय साधा आहे. स्थितीचा रकाना वेगळा करा, त्यात शब्द लिहा आणि कंडिशनल फॉरमॅटिंग लावून त्या शब्दावरून रंग येऊ द्या. शब्द मात्र ड्रॉपडाउनमधूनच निवडू द्यावा. मराठीत तर हे फारच गरजेचं, कारण एकजण 'झाले' लिहितो, दुसरी 'झालं', तिसरा 'झाले' लिहून पुढे एक स्पेस सोडतो. माणसाला तिन्ही सारखेच वाटतात. 'झाले' या शब्दाशी तंतोतंत जुळणी पाहणारा नियम त्यातला एकच पकडतो आणि बाकीच्या दोन ओळी काम होऊनही पांढऱ्याच राहतात.

लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसतो, हीसुद्धा समजूतच. रंगांधळेपणा म्हटलं की सगळं काळं-पांढरं दिसत असेल असं लोकांना वाटतं. तसं होणं फार दुर्मीळ आहे. नेहमी आढळतो तो लाल आणि हिरव्या छटांमधला गोंधळ, आणि त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडच्या पाहण्यांत ते त्याहून कमी येतं, पण नगण्य नाही. लोको पायलटची रंगदृष्टी नोकरीआधी तपासतात. अहवाल वाचणाऱ्याची कोण तपासतंय? कित्येकांना तर स्वतःलाही ठाऊक नसतं.

नजर निर्दोष असली तरी झेरॉक्स आहेच. एक्सेलचे तयार फिके रंग घ्या, लालसर आणि हिरवट. ते काळ्या-पांढऱ्यात उतरवले तर ० ते २५५ च्या मापावर लालसर येतो सुमारे २१६ आणि हिरवट २२३. म्हणजे दोन्ही एकाच फिकट राखाडीत. बैठकीत वाटलेल्या प्रतीवर 'मंजूर' आणि 'नामंजूर' जुळी भावंडं दिसतात.

यावरचा उत्तम नमुना आपल्या किराणा सामानाच्या पाकिटांवर आहे. शाकाहारासाठी चौकटीत हिरवा ठिपका, मांसाहारासाठी तपकिरी ठिपका अशी जुनी खूण होती. काहींना हे दोन ठिपके वेगळे ओळखताच येत नव्हते. २०२० च्या लेबलिंग नियमांत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मांसाहाराचा ठिपका काढून तिथे तपकिरी त्रिकोण आणला. आता रंग न कळला तरी आकार कळतो. वेबसाइटच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही हेच आहे: माहिती निव्वळ रंगातून सांगू नये. हा नियम तिथे अगदी किमान पातळीवर आहे, वरच्या दर्जाच्या अपेक्षांत नाही.

लाल म्हणजे वाईट, हेही सगळीकडे खरं नाही. दलाल स्ट्रीटवर लाल म्हणजे भाव पडला. शांघाय आणि टोकियोत लाल म्हणजे चढला. परदेशी शाखेला अहवाल पाठवताना हे आठवलेलं बरं.

राहिले ऑनलाइन फॉर्म. चुकलेल्या रकान्याला लाल चौकट आली की अर्जदाराला चूक समजली, असं फॉर्म बनवणारे धरून चालतात. चौकट फक्त जागा दाखवते, चूक काय ते सांगत नाही. आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध अर्जदाराला, वेगळी सोय केलेली नसेल, तर ती चौकटही ऐकू येत नाही. त्याऐवजी रकान्याखाली 'पिनकोड ६ अंकी हवा' एवढं लिहिलं तर दोघांचंही भागतं. अक्षर मात्र वाचता येईल असं हवं. सुगम्यतेच्या त्या नियमावलीत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागितलाय. अर्जाच्या स्थितीची भडक पिवळी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'प्रलंबित' असं लिहिलं, तर तो जेमतेम १.०७ : १ भरतो.