पैसे वसूल आणि डोक्याला ताप

पालघर किंवा बोईसरच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या कुणालाही विचारा, "आवडता पिक्चर कोणता?" माणूस थबकतो. दोन-तीन नावं तोंडाशी येतात, एक काही ठरत नाही. मग विचारा, "आणि सगळ्यात भिकार?" उत्तर तिथल्या तिथे येतं आणि त्याच्या मागोमाग तक्रारही येते. कुणाला घेऊन गेलो होतो, किती पैसे गेले, परतताना कुठली गाडी चुकली, सगळं. आवडीची यादी मनात सैलसर असते; नावडीची मात्र तारीखवार पाठ असते. याचं कारण सिनेमाइतकंच आपल्या भूगोलात आहे, असं माझं ठाम मत आहे. विरारच्या पलीकडे राहणाऱ्याला पिक्चर कधीच नुसत्या तिकिटाच्या भावात पडलेला नाही.

चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. तिथून वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव करत डहाणू रोड आणखी चौसष्ट किलोमीटर. लोकल डहाणूपर्यंत आली ती १६ एप्रिल २०१३ रोजी. त्याआधीच्या पिढ्यांची सगळी भिस्त शटलवर, पॅसेंजरवर आणि वाटेत थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर. मोठा पिक्चर मोठ्या पडद्यावर पाहायचा तर मुंबईला जायचं, आणि मुंबईला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. हजेरीवर काम करणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी गेली, मच्छीवालीचा बाजार बुडाला, दुकानदाराने शटर खाली ओढलं. एवढं करून पाहिलेला पिक्चर जर पकाऊ निघाला, तर त्याला माफी कुठून मिळणार?

या हिशेबात एका थिएटरचं नाव वारंवार येतं, ते म्हणजे मराठा मंदिर. १९५८ साली उघडलेलं हे थिएटर मुंबई सेंट्रल स्टेशनच्या अगदी जवळ आहे, आणि आपल्या बाजूच्या कितीतरी गाड्या तिथेच संपायच्या, तिथूनच सुटायच्या. 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ ५ ऑगस्ट १९६० रोजी याच पडद्यावर झाला. तिकिटासाठी लोक दिवसदिवस रांगेत थांबत आणि घरचे डबे रांगेत पोचवले जात. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ रोजी लागला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याने इथे हजार आठवडे पुरे केले. या विक्रमाचं श्रेय सगळे शाहरुख-काजोलला देतात, ते योग्यच आहे. पण सकाळी साडेअकराचा खेळ आणि परवडणारं तिकीट, यांचाही त्यात वाटा आहे. सकाळच्या गाडीने निघायचं, साडेअकराला आत बसायचं, तीनच्या सुमारास बाहेर पडून पोटपूजा आणि थोडी खरेदी करायची, आणि सहाच्या सुमाराची फ्लाइंग राणी पकडायची. १९७९ पासून २०२३ पर्यंत राणीला डबलडेकर डबे होते. वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा मिळाली की पालघर येईपर्यंत अख्खा पिक्चर पुन्हा एकदा सांगून व्हायचा. ज्याच्या कथेत नायक नायिकेला चालत्या गाडीत वर ओढून घेतो, तो पिक्चर रोज गाडी पकडणाऱ्या माणसाला जवळचा न वाटला तरच नवल.

बोईसर-तारापूरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण इथे एक आवड नाहीच. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली वीज देऊ लागलं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातले इंजिनियर नि तंत्रज्ञ इथे राहायला आले. पुढे तारापूर एमआयडीसी वाढली. रसायनं, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून माणसं आली. फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तीन शिफ्टांमध्ये जगणारं हे गाव आहे. एकाच चाळीत एक जण रजनीकांतवर जीव टाकतो, दुसरा दादा कोंडक्यांवर, तिसरा मनोज तिवारीवर.

भोजपुरीतला पहिला चित्रपट 'गंगा मइया तोहे पियरी चढ़इबो' १९६३ सालचा. पण उत्तरेकडच्या कामगाराशी सिनेमावर बोलू लागलात, तर बहुतेक वेळा नाव निघेल ते 'नदिया के पार'चं. १९८२ सालचा, राजश्रीचा, गोविंद मूनीस यांचा. पुढे १९९४ मध्ये राजश्रीनेच ती कथा बंगल्यात, कुत्र्यासकट आणि डझनभर गाण्यांसकट नव्याने मांडली. तो 'हम आपके हैं कौन'. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत लग्नाची कॅसेट म्हणून 'हम आपके'ची पारायणं झाली. शेतातून उठून कारखान्यात आलेल्या माणसाला मात्र बैलगाडीचा पहिला पिक्चरच खरा वाटतो. तीच कथा, पण एकाची आवडती आणि दुसऱ्याची कंटाळवाणी. मी या वादात 'नदिया के पार'च्या बाजूने आहे.

एकाच घरात दोन्ही याद्यांवर असलेला मराठी पिक्चर कोणता, याला माझ्या मते एकच उत्तर आहे : 'माहेरची साडी'. विजय कोंडके यांनी १९९१ साली आणलेला, 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून केलेला, अलका कुबल यांना घराघरांत पोचवणारा. समीक्षकांनी त्याला रडका म्हटलं. कॉलेजातल्या मुलांनी त्याच्या नकला केल्या. आजही पुरुषांच्या टोळक्यात 'सगळ्यात डोक्याला ताप' विचारलं की हे नाव हमखास येतं. आणि त्याच घरातली आई, मावशी, आत्या तो आवडता म्हणून सांगते, तेही आवाज न चढवता. बायका घोळक्याने गेल्या, पदर डोळ्यांना लावून बाहेर आल्या, आणि शेजारणीला घेऊन पुन्हा गेल्या. हसणाऱ्यांनी एक गोष्ट कधी लक्षात घेतली नाही. सासरचं दुःख घरात बोलता येत नव्हतं, माहेरी सांगितलं तर आईच्या जिवाला घोर. तीन तास अंधारात बसून उघड रडण्याची मुभा देणारी दुसरी जागा त्या बाईला होती कुठे? त्या पिक्चरमधला अभिनय भडक असेल, योगायोग अती असतील. मला स्वतःला तो दुसऱ्यांदा बघवणार नाही. तरी त्याला भिकार म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

दादा कोंडक्यांचंही तसंच. 'सोंगाड्या' १९७१ साली आला, दादरच्या कोहिनूरमध्ये तो लावायला नकार मिळाला तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनीज बुकात झाली. गिरणीतल्या, गोदीतल्या, शेतातल्या माणसाने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि त्याच वेळी 'चांगल्या घरातल्या' मुलांना हे पिक्चर बघायची बंदी होती. आजोबांचा आवडता, आजीचा नावडता, आणि नातवाने चोरून पाहिलेला, असा त्यांचा घराघरांतला हिशेब. द्वयर्थी संवादांचा राग येणाऱ्यांचा राग मला समजतो. पण हाफ पॅन्टची नाडी लोंबकळणारा, बावळट दिसणारा आणि शेवटी सावकाराला पुरून उरणारा नायक त्या प्रेक्षकाला त्याआधी कुणी दिला होता?

आता नावडीची सगळ्यात मोठी कथा. तिचं एक टोक आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. डहाणूच्या पुढे घोलवड, बोर्डी रोड, आणि मग गुजरातची हद्द लागली की उंबरगाव. रामानंद सागर यांच्या 'रामायण'चं चित्रीकरण इथल्या वृंदावन स्टुडिओत झालं. २५ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी देश ज्यासमोर थांबायचा, ती अयोध्या आणि ती लंका आपल्या शेजारच्या तालुक्यात उभी होती. टीव्हीला हार घालणं, अंघोळ करून समोर बसणं हे सगळीकडेच झालं. आपल्या भागात त्याला शेजारधर्माचीही जोड होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा नव्या पिढीनेही ती पाहिली. मालिकेतले बाण हवेत टकरतात तेव्हा ठिणग्या कागदी वाटतात. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग १६ जून २०२३ रोजी 'आदिपुरुष' आला. शेकडो कोटींचा खर्च, प्रभाससारखा तारा, आणि प्रत्येक खेळाला एक खुर्ची हनुमानासाठी राखून ठेवण्याची निर्मात्यांची घोषणा. लोक भक्तिभावानेच गेले होते. पहिल्या दोन दिवसांत हनुमानाच्या तोंडचे टपोरी संवाद ऐकून असा संताप उसळला, की लेखक-निर्मात्यांना काही ओळी बदलाव्या लागल्या. दिग्दर्शक ओम राऊत हे आपले मराठी. त्यांचाच २०२० सालचा 'तान्हाजी' याच प्रेक्षकाने उचलून धरला होता. म्हणजे दिग्दर्शक तोच, प्रेक्षक तोच, आणि नाव दोन्ही याद्यांवर. खर्च कमी पडला म्हणून लोक चिडले नाहीत, तंत्र कच्चं होतं म्हणूनही फारसे नाहीत. जे मनात पुजलं होतं त्याच्याशी कुणी सलगी केली, याचा तो राग होता. १९७५ साली 'जय संतोषी मां' पाहायला जाताना बायका थिएटरबाहेर चपला काढत. त्या पिक्चरचं तंत्र अगदी साधं होतं, आणि त्याच वर्षीच्या 'शोले'च्या शेजारी तो तुफान चालला. श्रद्धेने आलेल्या प्रेक्षकाला काय हवं असतं, ते त्या छोट्या पिक्चरला नेमकं कळलं होतं.

पालघर जिल्ह्यात आवडी-नावडीचा आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या या जिल्ह्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकर, कातकरी. त्यांना पडद्यावर स्वतःचं काय दिसलं? हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं दाखवलं ते पिसांचा मुकुट, तोंडाला रंग, हातात भाला आणि चित्रविचित्र हाका मारत शेकोटीभोवती नाच. 'शालिमार' (१९७८) मधला असा प्रसंग लोक अजून गंमत म्हणून आठवतात. ज्याच्या घरी तारप्याच्या सुरावर रात्र रात्र शांत लयीत फेर धरला जातो, त्या माणसाला ती गंमत कशी वाटावी? नावडीच्या यादीत टाकायला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी कुठला पिक्चर निवडणार नाही, हा नाच निवडीन.

'शालिमार'च्या अगदी आदल्या वर्षी मराठीत 'जैत रे जैत' आला होता. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. नाग्या झालेले मोहन आगाशे आणि चिंधी झालेल्या स्मिता पाटील. ठाकरांची गोष्ट, त्यांच्या डोंगराची, मधमाश्यांची आणि हट्टाची. त्यातही शहरी कलावंतांनीच आदिवासी साकारले आहेत, हे खरं. तरी त्या माणसांना स्वतःची इच्छा आहे, प्रेम आहे, देवाशी भांडण आहे. जव्हार-मोखाड्याकडे ठाकरांची वस्ती आहे. तिथल्या मुलांनी हा पिक्चर मोठ्या पडद्यावर पाहावा, असं मला फार वाटतं.

जगभर अशा याद्यांचे सोहळे होतात. अमेरिकेत वाईट सिनेमांना 'गोल्डन रास्पबेरी' देण्याची प्रथा १९८१ पासून आहे. आपल्याकडे झी टॉकीजने २००९ मध्ये 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' सुरू करून आवडीचा कौल थेट प्रेक्षकांच्या हाती दिला. तज्ज्ञांचे कौल वेगळे, लोकांचे वेगळे, याचं नवल नाही. नवल वाटतं ते लोकांचाच कौल पालटतो याचं. 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये आपटला, 'अंदाज अपना अपना' १९९४ मध्ये फारसा चालला नाही. आज दोन्ही आवडत्यांत. 'तुंबाड' २०१८ मध्ये थोड्यांनीच पाहिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

अलीकडे लोकलच्या डब्यात अर्धे प्रवासी मोबाइलवर पिक्चर पाहत असतात. सफाळ्याला सुरू केलेला केळव्याला बंद करतात, दुसरा लावतात. नावडता ठरायला आता एक स्टेशन पुरतं आणि त्यात मजुरी बुडत नाही. पण आवडता ठरायला अजूनही सोबत लागते. जून २०२३ च्या अखेरीस 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा ते दिसलं. सहा बहिणींची, मंगळागौरीची ही केदार शिंदेंची गोष्ट पाहायला बायका भिशीच्या, बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या घोळक्याने, ठेवणीतल्या साड्या नेसून आणि काळे गॉगल लावून थिएटरात आल्या. घरच्या पुरुषांनी 'त्यात काय एवढं' म्हटलं, आणि बायकांनी पुढच्या आठवड्याची तिकिटं काढली.

असं घोळक्याने जायचं तर तिकीट परवडायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. त्या दरातल्या खुर्च्या पालघर-बोईसरला भरपूर हव्यात. सेकंड शिफ्टवाल्याला जमेल असा सकाळचा खेळ हवा, फर्स्ट शिफ्टवाल्याला संध्याकाळचा हवा, आणि रात्रीचा खेळ डहाणूच्या शेवटच्या लोकलआधी सुटायला हवा.